तिला बांडगूळ म्हणू नका

गेल्या वर्षी बी.एस्सी. अंतिम वर्षाच्या मुलांनी निरोपसमारंभात आम्हा प्राध्यापकांना ऑर्किडची एक कुंडी भेट दिली. एका लवलवत्या काडीवर पांढरी फुलपाखरे ओळीने येऊन बसावीत, तशी तिला नऊ फुले होती. चिनी मातीची देखणी कुंडी, तिच्या गळ्यात रेशमी फीत. ही कुंडी आमच्या स्टाफरूममध्ये हजेरीपुस्तकाच्या शेजारी विराजमान झाली आणि जो तो येता-जाता तिला पाणी घालू लागला. इंग्रजीच्या मॅडम सकाळी घालीत, इतिहासाचे सर दुपारी आपल्या बाटलीत उरलेले घालीत, आणि आमचे शिपाईमामा संध्याकाळी कुलूप लावण्याआधी "बिचारीला आता रात्रभर कोण देणार" असे म्हणून तांब्याभर ओतीत. चाळिसाव्या दिवशी ती मेली. पाने वाळली नाहीत. बुडाशी मऊ पडून एकेक करून हातात आली. कुंडीला खाली भोकच नव्हते, हे ती फेकायला नेताना कळले.

एवढे झाल्यावर स्टाफरूमने एकमताने निर्णय दिला, "आपल्या भागात ऑर्किड जगत नाही हो. ते बंगलोरचं, उटीचं काम. आपलं ऊन काय, आपलं पाणी काय!" सगळ्यांनी माना हलविल्या. मीही हलविली.

वास्तविक ते विधान साफ चुकीचे आहे हे मला ठाऊक होते. मी रसायनशास्त्र शिकवितो, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. ज्या प्रसंगातून कळली तो सांगण्यासारखा नसल्यामुळे मी आजवर गप्प बसलो. महाविद्यालयाच्या अंकासाठी लेख मागितला गेला, तेव्हा वाटले, आता सांगून टाकावे.

आमचे गाव भालकी तालुक्यातले. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडण हातघाईवर आले की दखनी, असा आमच्याकडचा त्रिभाषा सूत्राचा अंमल आहे. शेताच्या बांधावर आजोबांनी लावलेला एक शेप्या आंबा आहे. त्या आंब्यावर माझ्या लहानपणी दोन प्रकारचे पाहुणे होते. एकाची पाने जाड, तांबूस शिरांची, आणि त्याला नारिंगी-लालसर नळीसारखी फुले येत. फुलटोच्या पक्षी त्यावर दिवसभर चिवचिवत असायचा. दुसऱ्याची पाने लांब, चिवट, मधोमध पन्हाळीसारखी खोल आणि टोकाशी उंदराने कुरतडल्यासारखी. त्याची बोटाएवढी जाड, पांढुरकी मुळे फांदीला घट्ट बिलगलेली असत, काही तर नुसती हवेत लोंबत. ज्येष्ठात पहिल्या वळवानंतर त्याला फुले येत : पिवळसर हिरव्या पाकळ्या, त्यांवर तपकिरी रेषांची जाळी, आणि मधली पाकळी जांभळ्या-निळ्या शाईत बुडवून काढल्यासारखी. वास मंद आणि गोड. माझी आई ती फुले कधी तोडीत नसे, पण आंब्याखालून जाताना मान वर करून एकदा बघे.

मी अकरावीला विज्ञान शाखेत गेलो. जीवशास्त्राच्या पुस्तकात परोपजीवी वनस्पतींचा धडा नुकताच झालेला. दिवाळीला घरी आलो तो हे ज्ञान घेऊनच. वडिलांना आंब्याखाली नेऊन उभे केले आणि सांगितले, "आप्पा, ही दोन्ही बांडगुळं हायत. झाडाचं रक्त पितात. आंबा कमी यायलाय तो यांच्यामुळंच."

आप्पा शाळेत चौथीपर्यंत गेलेले. ते म्हणाले, "तू शिकायलास, तुला कळतंय." दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन ते झाडावर चढले. जाड पानांचे बांडगूळ फांदीसकट उतरविले. आणि त्या दुसऱ्याचे पंधरा-सोळा गड्डे मुळांसकट खरवडून खाली टाकले. मुळे सुटताना सालीवरून चर्र असा आवाज येत होता. आम्ही ते सगळे उचलून बाभळीच्या काट्यांच्या कुंपणावर फेकले आणि मी विजयी मुद्रेने कॉलेजला परत गेलो.

पुढच्या ज्येष्ठात मी सुटीत घरी होतो. कुंपणावरचे बांडगूळ केव्हाच वाळून कोळ झाले होते, त्याची पाने दिवाळीनंतर आठ दिवसांतच गळाली होती. पण त्या दुसऱ्या पाहुण्यांपैकी एक गड्डा काट्यांत उलटा अडकून पडला होता आणि त्याला फुले आली होती. पाने सुरकुतली होती, मुळे काडीसारखी झाली होती. तरी तळाकडे लोंबणाऱ्या शेंड्यातून एक काडी निघून वर वळली होती आणि तीवर चार फुले होती. मुळे मातीत नव्हती, झाडावरही नव्हती. सात महिने त्याला कोणी पाण्याचा थेंब दिला नव्हता. मग हे आंब्यावर असताना कोणाचे रक्त पीत होते?

हा प्रश्न मला तेव्हाच पडला आणि त्याचे उत्तरही तेव्हाच कळले. पण मी आप्पांना काही बोललो नाही. शिकलेल्या मुलाने आपली चूक अशी सहजासहजी कबूल करायची नसते, हेही मी तोवर शिकलो होतो.

तो दुसरा पाहुणा म्हणजे ऑर्किडच. शास्त्रीय नाव वँडा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे चौकटी-चौकटीची नक्षी असलेली. दख्खनच्या कोरड्या पानगळीच्या रानात, आंब्यावर, मोहावर, चिंचेवर ही वाढते. तिला उटी लागत नाही की बंगलोर. मराठीत ऑर्किडांना आमरी असे सुंदर नाव आहे. जगात आमरींच्या सुमारे अठ्ठावीस हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत आपल्या देशातल्या १२५६ जाती मोजल्या आहेत. इतक्या मोठ्या कुळातली एखादी तरी आपल्या उन्हाशी जमवून घेणारी असणार, हा साधा तर्क आमच्या स्टाफरूमला सुचला नाही.

आता गंमत पाहा. बांडगूळ समजून तिला झोडपणारा मी पहिला नव्हे. अमरकोशात 'वंदा' या वनस्पतीची जी नावे दिली आहेत त्यांत 'वृक्षादनी' आणि 'वृक्षरुहा' ही दोन शेजारी-शेजारी आहेत. एकीचा अर्थ झाडाला खाणारी, दुसरीचा अर्थ झाडावर वाढणारी. खाणे आणि राहणे या दोन गोष्टी कोशकाराने एकाच घरात कोंबल्या. हिंदीत बांडगुळाला आजही बांदा म्हणतात. सर विल्यम जोन्स यांच्या १७९५ मध्ये छापल्या गेलेल्या निबंधात हे वंदा नाव आमरीसाठी आले, १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी वँडा ही प्रजाती रीतसर स्थापन केली, आणि आपल्याकडचा हा जुना गैरसमज लॅटिन पोशाख करून जगभर गेला. सिंगापूरने १९८१ मध्ये ज्या फुलाला आपले राष्ट्रीय फूल ठरविले, ते 'वँडा मिस जोआकिम' या नावानेच ओळखले जाते. म्हणजे एका अख्ख्या देशाच्या राष्ट्रीय फुलाच्या नावात आपल्याकडचे बांडगूळ बसलेले आहे. मराठीत वांदा म्हणजे अडचण. तेही या ठिकाणी काही वावगे वाटत नाही.

याउलट लोकांनी दिलेली नावे किती समंजस आहेत! गजऱ्यासारखा लोंबता फुलोरा येणाऱ्या आमरीला सह्याद्रीकडे सीतेची वेणी म्हणतात. या अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणारे माझे सहकारी मूळचे मलेनाडचे. त्यांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे सीताळे दंडे." दंडे म्हणजे वेणीवर माळायचा गजरा. तिकडे आसामात हेच फूल कोपौ म्हणून बिहूच्या नाचात मुली अंबाड्यात माळतात. पंडितांनी तिला झाडखाऊ ठरविले, आणि बायकांनी तीन भाषांत तिला केसांत जागा दिली. बांडगुळाला कोणी केसांत माळीत नाही. कन्नडमध्ये त्याला बदनिके म्हणतात, आणि तो शब्द माणसाला उद्देशून वापरला तर तो मराठीइतकाच झोंबतो.

दोघांतला फरक ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. फांदीला चिकटलेली जागा पाहावी. बांडगुळाचे बी पक्ष्याच्या चोचीतून किंवा विष्ठेतून येऊन चिकाने फांदीला चिकटते, आणि त्याचे शोषक मूळ साल फोडून आतल्या लाकडात शिरते. तिथे फांदी सुजून गाठ धरते. त्या गाठीच्या खालपर्यंत फांदी छाटल्याशिवाय ते जात नाही. आप्पांनी त्याच्यापुरते केले ते योग्यच केले. आमरीचे मूळ मात्र सालीच्या वरच्या वर सरपटते. सालीच्या भेगांत साचलेली धूळ, कुजलेला पाला आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येणारे थोडेफार क्षार, एवढाच तिचा संसार. ती झाडाची भाडेकरू आहे, आणि घरमालकाच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारी.

भाडे काय देते, असे कोणी विचारील. काही देत नाही. हे मी प्रांजळपणे कबूल करतो. आपल्याकडेही अशी भाडेकरू मंडळी असतात.

ही भाडेकरू कलबुर्गीच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर गेला असताना, उघड्या फांदीवर कशी तगते, याचे उत्तर तिच्या मुळात आणि पानात आहे. मुळाभोवती मेलेल्या पेशींच्या अनेक थरांचे स्पंजासारखे पांढरे आवरण असते. कोरडे असताना ते उन्हापासून आतल्या मुळाला झाकते आणि पावसाची सर आली की टिपकागदासारखे पाणी ओढून घेते. मूळ भिजले की पांढऱ्याचे हिरवे दिसू लागते, कारण आवरण पारदर्शक होऊन आतले हरितद्रव्य दिसते. पानाची युक्ती याहून नामी आहे. इतर झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवेतला कर्बवायू घेतात आणि त्या वेळी पाणी गमावतात. वँडा दिवसा दारे लावून बसते. रात्री गारव्यात रंध्रे उघडून कर्बवायू घेते, तो आम्लाच्या रूपात साठविते आणि सकाळी सूर्य उगवला की बंद दाराआड त्याचे अन्न शिजविते.

माझ्या विद्यार्थ्यांना याचा पडताळा तोंडाने घेता येईल, आणि त्यासाठी वँडा चावायची गरज नाही. घरोघरी कुंडीत असते ती पानफुटी हाच उद्योग करते. तिच्या पानाचा तुकडा पहाटे चाखला तर आंबट लागतो, दुपारनंतर ती आंबटी निघून गेलेली असते. ही गोष्ट युरोपियनांच्या ग्रंथांत प्रथम नोंदविली गेली ती हिंदुस्थानातच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने चाखून ते पत्राने लंडनला कळविले आणि ते १८१५ मध्ये छापले गेले. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या एका जमिनीवरच्या आमरीला त्यांचेच नाव आहे, हबेनेरिया हाइनियाना. प्रयोगशाळा नसली की शास्त्र होत नाही, असे म्हणणाऱ्या आमच्या विभागाच्या मंडळींनी याचा विचार करावा.

तर मग स्टाफरूममधली कुंडी का मेली? ती वँडा नव्हती, फॅलेनॉप्सिस होती. तिचे गणगोत आग्नेय आशियातल्या दमट रानात, दाट सावलीत राहते. तीही झाडावरच वाढणारी. पण आपली हवा तिला कोरडी. तरीसुद्धा ती हवेने मेली नाही, आमच्या प्रेमाने मेली. हवेत राहणाऱ्या मुळांना आम्ही भोक नसलेल्या कुंडीत चाळीस दिवस बुडवून ठेवले. इंग्रजांनीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अगदी असेच केले होते. उष्ण देशाची वनस्पती म्हणजे तिला भट्टीच हवी, असे समजून त्यांनी आमरींना बंद, कोंदट काचघरांत वाफेवर ठेवले आणि जहाजे भरभरून आणलेली झाडे मारून टाकली. चॅट्सवर्थ येथील जोसेफ पॅक्स्टन या हुशार माळ्याने १८३० नंतरच्या दशकात काचघरांत वारा खेळू दिला, तेव्हा कुठे त्या जगू लागल्या. याच पॅक्स्टनने १८३५ मध्ये आपला माणूस थेट खासी टेकड्यांत आमरी गोळा करायला धाडला होता, हे मात्र कौतुकाने सांगण्यासारखे नाही.

माझ्या घरी आज चार वँडा आहेत आणि एक डेंड्रोबियम. बायकोच्या मते पाचही माझ्यासारख्याच, वर्षातून एकदा कधीतरी फुलणाऱ्या. दोन वँडा पडवीत लाकडी पट्ट्यांच्या उघड्या टोपलीत टांगल्या आहेत. टोपलीत माती चिमूटभरही नाही. कोळशाचे आणि विटांचे तुकडे आहेत, तेही मुळांना धरायला काही असावे एवढ्यासाठी. एकीत मी बीदरचा जांभा फोडून घातला. सच्छिद्र दगड, पाणी धरतो आणि सोडतोही. विटेपेक्षा मला तो बरा वाटला. उरलेल्या दोन अंगणातल्या कडुनिंबाला सुतळीने बांधल्या. बांधताना सुतळीखाली नारळाच्या शेंडीची पातळ गादी दिली, आणि पूर्वेची बाजू धरली, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे खोड अडविते. झाडावरच्या दोन टोपलीतल्या दोहोंपेक्षा नेहमी सरस असतात. मी त्यांना काही करीत नाही, हे त्याचे कारण असावे.

पाण्याचा विषय मात्र माझ्या घरचा असल्यामुळे थोडा लांबवितो. शहाबाद, सेडम, चित्तापूर या बाजूची जमीन चुनखडीची. ज्या दगडाच्या फरशीवर आपण सगळे लहानाचे मोठे झालो, तोच दगड आपल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेला असतो. असे दुष्फेन पाणी रोज शिंपडले की दोन महिन्यांत पानांवर पांढरी पुटे चढतात आणि मुळांच्या स्पंजात क्षार बसून तो टिपकागद निकामी होतो. उपाय पाठ्यपुस्तकात आहे. पाणी उकळले की बायकार्बोनेटचा भाग तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी गार करून वापरावे. पावसाचे पाणी मिळाले तर त्याहून चांगले. आम्ही पत्र्याच्या पन्हाळीखाली दोन पिंपे ठेवतो, ती आमरींना फाल्गुनापर्यंत पुरतात. बाई म्हणून जी धुणे करायला येते ती एकदा म्हणाली, "सर, माणसांना बोअरचं आन् झाडाला पावसाचं?" मला उत्तर सुचले नाही.

पाणी द्यायचे ते सकाळी. मूळ हिरवे होईपर्यंत द्यायचे आणि पुन्हा पांढरे होईपर्यंत थांबायचे, या एका नियमात सगळे आले. उन्हाळ्यात टोपलीतल्यांना रोज, कधी दोनदा. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहू द्यायचे नाही. आपल्याकडे माणसे झाड वाळेल या भीतीने त्याला पाणी घालतात. आमरी वाळून मरण्याआधी महिनोन्‌महिने वाट पाहते, कुजून मरते ती आठ दिवसांत. खत म्हणाल तर शेतकऱ्यांकडे असते ते एकोणीस-एकोणीस-एकोणीस, चहाचा पाव चमचा चार लिटर पाण्यात, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा. शेणखत, कंपोस्ट, चहाची पूड, अंड्याची टरफले यांतले काही नको. खवले कीड दिसली तर साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवावा. बस्स. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्वेची खिडकी पाहावी. पश्चिमेची असेल तर जाळी लावावी किंवा नाद सोडावा.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्यावर येतो. हे वाचून उद्या कोणी कोयता घेऊन रानात जाईल आणि वँडा खरवडून घरी आणील, तर मी अकरावीत केले तेच पाप शौकाच्या नावाने पुन्हा होईल. बांडगूळ म्हणून काढली काय आणि शोभेची म्हणून काढली काय, झाडावरून ती जातेच. औषधाच्या नावानेही जाते. वँडाची मुळे बंगालकडे रास्ना म्हणून विकली जातात. आयुर्वेदाच्या अधिकृत ग्रंथात रास्ना म्हणून दिलेली वनस्पती प्लुचिया लॅन्सिओलाटा ही वेगळीच आहे, दक्षिणेत त्याच नावाने कुलिंजन खपते. एका नावावर तीन झाडे, आणि भुर्दंड तिघांना.

रानातली आमरी एकदा गेली की लवकर परत येत नाही, याचे कारण तिच्या बियांत आहे. एका बोंडात हजारोंनी, काही जातींत लाखांनी बी असते. पण ते धुळीसारखे बारीक, आणि त्यात अन्नाचा साठा नाही. ते रुजायला एका बुरशीची मदत लागते. ही गोष्ट १८९९ मध्ये नोएल बेर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला कळली. योग्य बुरशी त्या सालीवर असेल तरच तिच्याकडून अन्न घेऊन बी वाढते. म्हणजे पाहा, मघाशी मी जिला निष्कलंक भाडेकरू म्हटले तिने बाळपणी एका बुरशीची उधारी केलेलीच असते. पण ती झाडाची नव्हे. त्या लाखो बियांतून एखादेच तगते आणि त्याला पहिले फूल यायला कित्येक वर्षे जातात. आप्पांनी अर्ध्या तासात खरवडलेले ते गड्डे आजोबांच्या हयातीत केव्हातरी रुजलेले असणार.

म्हणून घरी लावायची असेल तर प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे घ्यावीत. कॉर्नेल विद्यापीठाच्या लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बी रुजवून दाखविले, आणि १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या तुकड्यापासून रोपे वाढविण्याची वाट काढली. आज दुकानात मिळणाऱ्या आमरी स्वस्त झाल्या त्या या दोघांमुळे. श्रीमंतांच्या काचघरातली वस्तू शिक्षकाच्या पडवीत आली. टोपलीत लावायला संकरित वँडा घ्यावी. खरेदी करताना बाटलीत वाढविलेली आहे ना, एवढे विचारावे. रानातून ओरबाडलेली ओळखू येते : मुळे तुटलेली, पाने फाटलेली, सालीचा तुकडा अजून चिकटलेला.

दुसरी एक प्रामाणिक वाट आहे आणि ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सध्या फार मोकळी आहे. रस्ते रुंद होत आहेत. निजामाच्या काळापासूनच्या चिंचा, आंबे, कडुनिंब आडवे होतात. फांद्या जळणाला जातात आणि त्यांच्यावर जे काही असते तेही चुलीत जाते. माझ्या दोन वँडा अशा पडलेल्या चिंचेवरच्या आहेत. लाकूडतोड्याला विचारून घेतल्या, तो म्हणाला, "न्या की, बांडगूळ हाय ते." मी त्याला तिथे व्याख्यान दिले नाही. त्याला बांडगूळ वाटत होते म्हणूनच त्या मला मिळाल्या.

माझी सूचना अशी आहे, आणि ती प्राचार्यांनी वाचावी म्हणून मुद्दाम इथे लिहितो. आपल्या आवारात कडुनिंबाची नि आंब्याची जुनी झाडे आहेत. जवळपास झाड पडल्याचे कळले की विद्यार्थ्यांनी वनखात्याला आणि जागेच्या मालकाला विचारून त्यावरच्या आमरी उतरवून आणाव्यात आणि आपल्या झाडांना बांधाव्यात. खर्च एक सुतळीचा गुंडा. पाहणी समितीपुढे दाखवायला हा 'उपक्रम' होत नाही, कारण वर्षातले अकरा महिने त्यात दाखविण्यासारखे काहीच नसते, असा आक्षेप स्टाफरूममध्ये आलाच आहे. तो खरा आहे. पण आपल्या मुलांना स्वतःच्या गावच्या झाडावर काय वाढते हे बघता यावे, पुस्तकात वाचलेले वाक्य फांदीवर पडताळून पाहता यावे, यासाठी बाराव्या महिन्यातली फुले पुरेशी आहेत. मला अकरावीत कोणी फांदीजवळ नेऊन मूळ कुठे शिरते ते दाखविले असते, तर तो आंबा उघडा पडला नसता.

तो आंबा अजून आहे. आप्पा ऐंशीच्या घरात आहेत. चिंचेवरून मिळालेल्या मूळ तीन गड्ड्यांपैकी एक मी गेल्या ज्येष्ठात गावी नेला आणि शिडी लावून त्याच फांदीला बांधला. आप्पा खाली खाटेवर बसून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तेच ना रे, तू पाडायला लावलेलं?"

मी हो म्हणालो. "ते बांडगूळ नव्हतं, आप्पा."

"मला ठावं होतं," आप्पा म्हणाले. "माझ्या बापानं कधी काढलं न्हवतं त्ये. पण तू शिकायलास म्हटलं."

यावर मला काय बोलावे ते कळेना. मी शिडीवरच उभा राहून सुतळीची गाठ पुन्हा एकदा आवळली, आवळायची गरज नसताना.

नवीन मूळ सालीला चिकटले की सुतळी सोडायची असते. पावसाळा संपता संपता दोन मुळे निघाली, एक हवेत गेले, दुसरे फांदीच्या अंगाने वळले. दर रविवारी मी फोन करतो. आप्पांना वरचे नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या पोराला फोन देतात आणि तो मान वर करून सांगतो की टोक आज हिरवे आहे की पांढरे.